पॅन्टोन शाईचा स्क्रीनवरचा आकडा नेमका कोणता धरावा?

अक्षरवेल
नमस्कार. एका सहकारी पतसंस्थेच्या संकेतस्थळाचे काम सध्या माझ्याकडे आहे. संस्थेचे बोधचिन्ह नव्वदच्या दशकातले असून त्या वेळच्या टंकलिखित कागदावर रंगाबद्दल फक्त 'पॅन्टोन ऑरेंज ०२१' एवढीच नोंद सापडते. लेटरहेड, पासबुकाचे वेष्टन आणि मुदत ठेवीच्या पावत्या आजवर याच शाईत छापल्या गेल्या आहेत. संकेतस्थळ आणि मोबाइल ॲपसाठी मात्र स्क्रीनचा आकडा हवा आहे आणि तिथेच घोळ आहे. छपाईच्या शायांना क्रमांक देणारी पॅन्टोन कंपनी या शाईसाठी २५४, ८०, ० हा आकडा देते. संस्थेच्या जुन्या पीडीएफमधल्या बोधचिन्हावरून रंग उचलला, तर २४७, १४८, ३० मिळतो. लेटरहेड स्कॅन करून पाहिले, तर या दोहोंशी न जुळणारा, मळकट असा तिसराच रंग हाती येतो. पहिला रंग शेंदराकडे झुकतो, तर दुसरा हापूसच्या रसाकडे. संचालक मंडळाला 'मूळ रंग' हवा आहे. यांतला मूळ कोणता, आणि शाईच्या क्रमांकावरून स्क्रीनचा आकडा काढण्याचे काही खात्रीचे सूत्र आहे का?

(वाचायला सोपे जावे म्हणून हेक्स न लिहिता लाल, हिरवा, निळा या क्रमाने ० ते २५५ मधले आकडे दिले आहेत. आपणही तसेच द्यावेत, ही विनंती.)

खिळेजुळारी
ऑफसेट छपाईत उभी हयात गेली आहे, म्हणून आधी शाईच्या बाजूने लिहितो.

पॅन्टोनचा क्रमांक हा मुळात रंगाचा पत्ता नसून शाईची कृती आहे. लॉरेन्स हर्बर्ट यांनी १९६३ साली ही पद्धत बाजारात आणली, तेव्हा अडचण अशी होती की प्रत्येक शाईवाल्याचा 'लाल' निराळा असे आणि गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना जुळवण्यात दिवस मोडत. त्यावर तोडगा म्हणून थोड्याशा मूळ शाया ठरवण्यात आल्या आणि त्यांची वजनी प्रमाणे देणारे शेडकार्ड निघाले. न्यू जर्सीतल्या छापखान्याने आणि कोल्हापुरातल्या छापखान्याने एकाच प्रमाणात शाई घोटली, तर रंग सारखाच यावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. स्क्रीन तेव्हा कोणाच्या मनातही नव्हती.

आपली ऑरेंज ०२१ तर मिश्रणसुद्धा नाही. ती त्या मूळ शायांपैकीच एक आहे, म्हणजे थेट डब्यातून मशीनवर जाते. रिफ्लेक्स ब्लू, ऱ्होडामाइन रेड, वॉर्म रेड याही त्याच पंक्तीतल्या. (रिफ्लेक्स ब्लूचे नाव निघाले की जुने मशीनमन कपाळाला हात लावतात, कारण ती शाई लवकर वाळत नाही आणि घाईने कटिंगला दिली की बोटांना लागते.)

आता कागदाचे पाहा. शेडकार्डात प्रत्येक क्रमांकापुढे सी किंवा यू असते. सी म्हणजे आर्ट पेपरसारखा लेप दिलेला कागद आणि यू म्हणजे मॅपलिथो किंवा बाँडसारखा बिनलेपाचा. शाई तीच आणि कृतीही बहुधा तीच, पण बाँड पेपर शाई पिऊन टाकतो आणि रंग बसका दिसतो. आपल्या कागदावर सी किंवा यू काहीच लिहिलेले नाही. लेटरहेड बाँडवर असणार आणि पासबुकाचे वेष्टन लॅमिनेशन केलेल्या आर्ट कार्डवर, म्हणजे एकाच शाईचे दोन 'मूळ रंग' संस्थेच्या कपाटात आधीपासूनच आहेत.

स्कॅनरमधून आलेला आकडा सरळ सोडून द्यावा. कागदाचा पिवळेपणा, शाईचे वय आणि स्कॅनरचा स्वतःचा स्वभाव हे तिन्ही त्यात मिसळलेले असतात. शेडकार्डसुद्धा नवे असावे. उजेडाने आणि हाताळण्याने ते उतरते, म्हणूनच कंपनी ते वर्ष-दीड वर्षाने बदलायला सांगते. आपल्याकडे बहुतेक प्रेसमध्ये ते दहा-दहा वर्षे चालवतात, हा भाग वेगळा.

नदीकाठ
चर्चा माहितीपूर्ण आहे, तरी एक शंका मांडतो. एका मोबाइलवर रंग भडक दिसतो, दुसऱ्यावर फिका; कोणी रात्रीचा पिवळा उजेड लावून ठेवलेला असतो, तर कोणी उन्हात उभा राहून पाहत असतो. असे असताना २५४ की २४७ याचा काथ्याकूट कशासाठी करायचा? डोळ्यांना बरा दिसेल तो केशरी घ्यावा आणि पुढे जावे, असे मला वाटते.

मोजपट्टी
नदीकाठ यांची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर पुढे येईल. मी शाई आणि पॅकेजिंगच्या क्षेत्रात रंगमापनाचे काम करतो, म्हणून आधी 'सूत्र आहे का' या प्रश्नाकडे वळतो. सूत्र आहे. मात्र ते चालवण्यापूर्वी काही गोष्टी माणसाला ठरवाव्या लागतात आणि आकड्यांमधला फरक तिथेच पडतो.

कागदावर छापलेल्या शाईवर स्पेक्ट्रोफोटोमीटर ठेवला की कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती परावर्तित झाला ते कळते. त्यावरून लॅब नावाच्या पद्धतीत तीन आकडे निघतात : उजळपणा, हिरवा ते लाल या दिशेचे स्थान आणि निळा ते पिवळा या दिशेचे स्थान. छपाईच्या जगात हे गणित डी५० या प्रमाण प्रकाशासाठी, म्हणजे साधारण ५००० केल्व्हिनच्या उजेडासाठी केले जाते. स्क्रीनची प्रचलित व्यवस्था एसआरजीबी ही आहे. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती १९९६ मध्ये मांडली, १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले आणि तिचा पांढरा रंग डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्व्हिनचा, अधिक निळसर आहे. त्यामुळे लॅबचे आकडे प्रथम एका पांढऱ्यावरून दुसऱ्या पांढऱ्यावर न्यावे लागतात, मग त्यांतून लाल, हिरवा आणि निळा यांचे वाटे काढावे लागतात आणि शेवटी ते ० ते २५५ च्या पट्टीवर बसवावे लागतात.

एक उदाहरण प्रत्यक्ष करून दाखवतो. ऑफसेटच्या सायन (निळसर) शाईसाठी आयएसओ १२६४७-२ या मानकाच्या २००४ च्या आवृत्तीत लेपाच्या कागदावर लॅबचे लक्ष्य ५५, उणे ३७, उणे ५० असे आहे. वर सांगितलेल्या वाटेने गेलो की हिरव्याचा वाटा ०.३१ येतो, निळ्याचा ०.७० येतो आणि लालचा येतो उणे ०.१६. स्क्रीनवरचा लाल दिवा फार तर विझवता येतो. विझल्याच्या खाली नेता येत नाही. म्हणून उण्याचे शून्य करावे लागते आणि उत्तर ०, १५१, २१८ असे निघते. हा रंग सायन शाईचा नाही. एसआरजीबीच्या कुंपणाच्या आत उभे राहून तिच्या जितके जवळ जाता आले, तितके आपण गेलो आहोत.

पॅन्टोनच्या याद्या या नजरेने चाळून पाहाव्यात. प्रोसेस ब्लू सी ०, १३३, २०२ आहे; ३०० सी ०, ९४, १८४ आहे; ग्रीन सी ०, १७१, १३२ आहे; रिफ्लेक्स ब्लू सी ०, २०, १३७ आहे आणि आपली ऑरेंज ०२१ सी २५४, ८०, ० आहे. प्रत्येकात कुठला ना कुठला आकडा नेमका शून्यावर टेकलेला दिसतो. गडद आणि शुद्ध शायांच्या बाबतीत असे शून्य दिसले की रंग कुंपणाबाहेरचा होता आणि त्याला आत ओढून घेतले आहे, अशी दाट शक्यता धरावी. निऑन शाया आणि सोनेरी-चंदेरी धातुशाया यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. शेडकार्डात त्यांचा आकडा दिलेला असला, तरी तो निव्वळ ओळखीपुरता असतो.

अक्षरवेल
मोजपट्टी, आपण दिलेल्या सायनबद्दल एक विचारते. माझ्या इलस्ट्रेटर या ॲडोबीच्या चित्रांकन सॉफ्टवेअरमध्ये १०० टक्के सायन भरला की स्क्रीनसाठी ०, १७४, २३९ असा आकडा येतो आणि जर्मनीत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे तोच १०० टक्के ०, १५९, २२७ येतो. आपले उत्तर या दोहोंपेक्षा वेगळे आहे. शाई एकच असेल, तर आकडे तीन कसे?

मोजपट्टी
उत्तम प्रश्न आहे. पहिल्या दोन आकड्यांमधला फरक छपाईच्या पद्धतीचा आहे. ॲडोबीचे सॉफ्टवेअर बसवताना जे अमेरिकी सेटिंग आपोआप येते, त्यात 'स्वॉप' नावाचे, अमेरिकेतल्या वेब ऑफसेटचे प्रोफाइल असते. भारतातल्या बहुतेक संगणकांवर ते कोणी बदलत नाही, म्हणून आपल्याकडच्या फायलींत ०, १७४, २३९ हा सायन जागोजागी दिसतो. युरोपात फोग्रा३९ हे प्रोफाइल रूढ झाले आणि त्यातून ०, १५९, २२७ निघतो. दोन्हीकडे 'सायन १००' हा नुसता हुकूम आहे. तो कोणत्या मशीनवर आणि कोणत्या कागदावर पाळला जाणार, ते प्रोफाइल सांगते.

माझा आकडा आणखी गडद आहे, कारण मी कागदाला पांढरा मानले नाही. छपाईचा कागद उपकरणाखाली शंभर टक्के पांढरा कधीच नसतो. मोजलेला रंग जसाच्या तसा न्यायचा असेल, तर कागदाचा करडेपणाही त्यासोबत येतो. स्क्रीनवर पाहणाऱ्याचा डोळा मात्र स्क्रीनच्या पांढऱ्यालाच कागद समजतो, म्हणून सॉफ्टवेअर सहसा कागदाचा पांढरा हा स्क्रीनच्या पांढऱ्याशी जुळवून घेते आणि बाकीचे सगळे रंग त्या हिशेबाने उजळवते. पहिल्या रीतीला निरपेक्ष आणि दुसरीला सापेक्ष म्हणता येईल. बोधचिन्हाच्या कामात बहुतेक वेळा सापेक्ष रीत योग्य ठरते.

खिळेजुळारी
पीडीएफमधल्या त्या २४७, १४८, ३० चा छडा आता लागतो. स्वॉप प्रोफाइलमध्ये मॅजेंटा ५० आणि यलो १०० भरले की नेमका हाच आकडा येतो. डिझायनर मंडळींच्या तो तोंडपाठ असतो. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी स्वतंत्र प्लेटचा खर्च वाचवण्यासाठी बोधचिन्ह फोर कलरमध्ये, म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा या चार शायांच्या मिश्रणात, नेले, शेडकार्ड न पाहता '५० मॅजेंटा, १०० यलो' असा गोल आकडा हाताने भरला, आणि त्या फायलीचे पुढे स्क्रीनसाठी रूपांतर झाले. ऑरेंज ०२१ चार रंगांत जशीच्या तशी येत नाही हे खरे आहे, पण इतकी पिवळीही होत नाही. त्या आकड्याचा आपल्या शाईशी काही संबंध उरलेला नाही, म्हणून तो बाजूला ठेवावा.

अक्षरवेल
हे अगदी पटले. त्या पीडीएफमध्ये खरोखरच स्वतंत्र पॅन्टोन रंग नाही, फक्त चार रंगांचे मिश्रण आहे, आत्ताच तपासले. आणखी एक अडचण अशी की माझ्या इलस्ट्रेटरमध्ये पॅन्टोनचे रंगसंच आता दिसतच नाहीत.

कोडकार
दिसणार नाहीत. नोव्हेंबर २०२२ च्या सुमारास ॲडोबीच्या प्रणालींतून बहुतेक पॅन्टोन संच काढून घेतले गेले आणि ते वापरण्यासाठी पॅन्टोनच्या 'पॅन्टोन कनेक्ट' या सेवेची वर्गणी भरावी लागू लागली. फोटोशॉपच्या काही जुन्या फायली उघडल्यावर त्यातले पॅन्टोन रंग काळे दिसू लागल्याने तेव्हा बरीच ओरड झाली होती. परिणाम असा झाला की लोक जालावरच्या फुकट याद्यांकडे वळले आणि त्या याद्या कोणत्या वर्षाच्या, कोणत्या रीतीने काढलेल्या, याचा त्यांवर मागमूस नसतो. पॅन्टोनने स्वतःही मोजमापाची रीत आणि आकडे वेळोवेळी बदललेले आहेत. सीएस६ या आवृत्तीच्या आधी ॲडोबीतले पॅन्टोन रंग चार रंगांच्या मिश्रणातून दाखवले जात, नंतर ते लॅबमधून दाखवले जाऊ लागले. त्यामुळे एकच फाइल दोन आवृत्त्यांत वेगळी दिसते.

नदीकाठ यांच्या शंकेला वेबच्या बाजूने उत्तर देतो. प्रत्येकाची स्क्रीन वेगळी असते, हे मान्य आहे. पण एकाच स्क्रीनवर दोन केशरी शेजारी आले की फरक लगेच दिसतो. संस्थेचे बोधचिन्ह पीएनजी स्वरूपात असेल, त्यात एखादे प्रोफाइल अडकलेले असेल आणि त्यामागची पट्टी सीएसएसमधून (पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या कोडमधून) रंगवलेली असेल, तर बोधचिन्हाभोवती चौकोनी कड उमटते. ॲपमध्ये एक केशरी, संकेतस्थळावर दुसरा आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीत तिसरा असे झाले, की ग्राहकाला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते. मोबाइलमुळे होणारा फरक सगळ्या रंगांना एकत्र सरकवतो, तर आपल्या चुकीने होणारा फरक एकाच पानावर दोन रंग भांडायला लावतो.

नदीकाठ
चौकोनी कडेचा अनुभव मलाही आहे, त्यामुळे हा मुद्दा मान्य. तरीही 'मूळ रंग' हा शब्दप्रयोग मला अजून पटत नाही. आकडा काढायचा नसून ठरवायचा असेल, तर तो ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

मोजपट्टी
मालकाचा. याचे सर्वांत चांगले उदाहरण युरोपीय संघाचा ध्वज आहे. त्याच्या अधिकृत रेखाटन-निर्देशांत निळ्यासाठी पॅन्टोन रिफ्लेक्स ब्लू आणि ताऱ्यांसाठी पॅन्टोन यलो या शाया दिल्या आहेत. चार रंगांत छापताना निळा १०० टक्के सायन आणि ८० टक्के मॅजेंटा यांतून, तर पिवळा १०० टक्के यलोतून घ्यावा, असे म्हटले आहे. आणि स्क्रीनसाठी निळा ०, ५१, १५३ व पिवळा २५५, २०४, ० असा ठरवून दिला आहे. पॅन्टोनच्या यादीतली रिफ्लेक्स ब्लू ०, २०, १३७, म्हणजे बरीच गडद आणि जांभळटाकडे झुकणारी आहे. युरोपीय संघाने तो आकडा घेतला नाही आणि तरीही संघाचा निळा कुठे चुकला, असे कोणी म्हणत नाही.

त्या आकड्यांकडे नीट पाहिले, तर ५१, १५३, २०४ आणि २५५ हे सगळे ५१ च्या पाढ्यातले आहेत. एके काळी संगणकाच्या स्क्रीन एका वेळी २५६ रंगच दाखवू शकत, तेव्हा सर्वत्र सारखे दिसतील असे २१६ रंग वेबसाठी निवडलेले होते आणि त्यांत प्रत्येक वाटा ०, ५१, १०२, १५३, २०४ किंवा २५५ एवढाच असू शकत होता. युरोपीय संघाने त्या पेटीतले जवळचे रंग उचलले. आज त्या मर्यादेची गरज कोणालाच उरलेली नाही, पण आकडा ठरला तो ठरला.

सांजवारा
हा धागा वाचून माझा जुना प्रश्न पुन्हा वर आला. आमच्या शाळेच्या स्वातंत्र्यदिनाच्या पत्रिकेसाठी तिरंग्याचा केशरी शोधला, की कुठे २५५, १५३, ५१ मिळतो, तर कुठे २५५, १०३, ३१. हिरवाही कुठे १९, १३६, ८ असतो, तर कुठे ४, १०६, ५६. राष्ट्रध्वजाच्या बाबतीत तरी एकच आकडा असायला हवा, असे वाटते. तोही पॅन्टोनचाच भाग आहे का?

मोजपट्टी
नाही, आणि म्हणूनच तो अधिक रंजक आहे. राष्ट्रध्वजाचे मानक आयएस १ हे शाईचे नसून कापडाचे आहे. ते १९५१ मध्ये निघाले, १९६४ मध्ये मेट्रिक पद्धतीत आले आणि १९६८ मध्ये पुन्हा सुधारले गेले. त्यात रंग शेडकार्डाच्या क्रमांकाने दिलेले नाहीत. ते सीआयई १९३१ या रंगमापन पद्धतीच्या निर्देशांकांनी, प्रमाण प्रकाश सी (हा सी कागदाचा नव्हे, उजेडाच्या प्रकाराचा) धरून दिलेले आहेत. केशरीसाठी एक्स ०.५३८, वाय ०.३६०, झेड ०.१०२ आणि उजळपणा २१.५; हिरव्यासाठी ०.२८८, ०.३९५, ०.३१७ आणि ८.९, पांढऱ्यासाठी ०.३१३, ०.३१९, ०.३६८ आणि ७२.६. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीसारख्या ठिकाणी जी खादी ध्वजासाठी वापरली जाते, तिला हे निर्देशांक लागू होतात. पत्रिकेच्या आर्ट पेपरला किंवा मोबाइलला ते मुळात उद्देशून नाहीत.

पण गणित करून पाहता येते आणि मी ते केले. निरपेक्ष रीतीने केशरीचा आकडा साधारण २१३, ८८, ५१ येतो. हा रंग स्क्रीनवर पाहिला, तर विटकरीच वाटतो आणि पत्रिकेवर कोणी तो स्वीकारणार नाही. याचे कारण वर दिलेल्या पांढऱ्याच्या निर्देशांकांत आहे. ध्वजाच्या पांढऱ्या पट्ट्याचाच उजळपणा ७२.६ आहे, कारण खादी कागदाइतकी पांढरी नसते. खादीचा पांढरा म्हणजेच स्क्रीनचा पांढरा असे धरून सगळे रंग त्या प्रमाणात उजळवले, की केशरी साधारण २४६, १०३, ६१ येतो आणि हिरवा साधारण ६०, १०८, ७८. आता आपल्या दुसऱ्या जोडीशी ताडून पाहा : २५५, १०३, ३१ आणि ४, १०६, ५६. मधला आकडा दोन्हीकडे जवळजवळ जुळतो. फरक आहे तो शुद्धतेचा. कापडाचा रंग किंचित मळलेला असतो आणि या जोडीत ती मळ धुऊन टाकलेली आहे. पॅन्टोन १६५ सी आणि ३४९ सी या शायांसाठी जे स्क्रीनचे आकडे दिले जातात, तेच हे आहेत; म्हणजे कोणीतरी ध्वजाच्या रंगाला जवळची शाई शोधली आणि तिचा आकडा पुढे रूढ झाला, असे दिसते.

२५५, १५३, ५१ हा केशरी मात्र मानकातून कोणत्याही रीतीने निघत नाही. तो बराच पिवळा आहे. तिन्ही आकडे ५१ च्या पाढ्यातले आहेत हे लक्षात घेता, तोही त्या जुन्या २१६ रंगांच्या पेटीतून आला असावा, असा माझा तर्क आहे. पत्रिकेसाठी मी २५५, १०३, ३१ आणि ४, १०६, ५६ ही जोडी घेईन.

सांजवारा
मनापासून आभार. विटकरी केशरी पाहिल्यावर कापड आणि स्क्रीन यांतला फरक चांगलाच ध्यानात आला.

कोडकार
मूळ प्रश्नाकडे परत येऊन एक तांत्रिक भर घालतो. एसआरजीबीचे कुंपण आता पूर्वीइतके आवळलेले राहिलेले नाही. गेल्या काही वर्षांतले बरेच मोबाइल आणि लॅपटॉप डिस्प्ले-पी३ नावाची अधिक रुंद मर्यादा दाखवू शकतात आणि केशरी, लाल, हिरवा यांत तो फरक स्पष्ट कळतो. सीएसएसमध्ये आता लॅबचे आकडे थेट लिहिता येतात. सफारीत हे २०२१ पासून, तर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२३ पासून चालते. गंमत म्हणजे सीएसएसमधली लॅबही छपाईप्रमाणे डी५० धरूनच चालते, त्यामुळे शाईचे मोजलेले आकडे तिथे तसेच उतरवता येतात आणि पुढचे रूपांतर ब्राउझर करतो.

तरीही माझा सल्ला असा की आधी एसआरजीबीचा साधा आकडा लिहावा आणि रुंद मर्यादेच्या स्क्रीनसाठी दुसरी ओळ फक्त मोठ्या पट्ट्यांपुरती द्यावी. बटणे आणि बोधचिन्ह यांत दोन व्याख्या फिरू लागल्या की वर सांगितलेली चौकोनी कड पुन्हा हजर होते.

आणखी एक गोष्ट. २५४, ८०, ० वर पांढरी अक्षरे घेतली, तर अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचे (कॉन्ट्रास्टचे) गुणोत्तर साधारण ३.३ येते. सुलभतेच्या निकषांनुसार लहान मजकुराला किमान ४.५ लागते. मोठ्या शीर्षकाला पांढरे चालेल, पण 'लॉग इन करा' सारख्या बटणावर काळी अक्षरे घ्यावीत. तिथे गुणोत्तर ६.३ च्या घरात जाते. पतसंस्थेचे निम्मे सभासद साठीपुढचे असतील, तर हा विचार छटेच्या विचाराआधी व्हायला हवा.

अक्षरवेल
सर्वांचे आभार. संचालक मंडळापुढे ठेवायचा मजकूर असा लिहिला आहे : 'संस्थेचा रंग पॅन्टोन ऑरेंज ०२१ ही शाई आहे. लेपाच्या कागदासाठी सी आणि बिनलेपाच्या कागदासाठी यू शेडकार्ड प्रमाण मानावे. स्क्रीनसाठी एसआरजीबी २५४, ८०, ० हा आकडा संस्थेने निश्चित केला असून तो याच रंगाचे स्क्रीनवरील रूप समजावा. या रंगावरील लहान मजकूर काळ्या अक्षरांत असावा.' चार रंगांच्या छपाईची ओळ मोकळी सोडली आहे. शाखांच्या पाट्यांचे फ्लेक्सही लवकरच छापायचे आहेत. फ्लेक्सवाल्याला यातला कोणता आकडा द्यावा?

खिळेजुळारी
मजकूर चोख आहे. चार रंगांची ओळ स्वतःच्या अंदाजाने भरू नका. पॅन्टोनच्या कलर ब्रिज शेडकार्डात शाई आणि तिचे चार रंगांतले रूप शेजारी शेजारी छापलेले असते. आपल्या प्रेसमध्ये ते असेल, तर त्यातले प्रमाण घेऊन एकदा मशीन प्रूफ काढा आणि जो शीट मंजूर होईल, त्याच्या मागे तारीख आणि कागदाचे नाव लिहून तो जपून ठेवा.

फ्लेक्सवाल्याला स्क्रीनचा आकडा मुळीच देऊ नका. त्याच्या मशीनच्या शाया निराळ्या, फ्लेक्सचा पांढरा निराळा आणि पाटीत मागून ट्यूबलाइट लावायची असेल, तर रंग पुन्हा बदलतो. त्याला शेडकार्डातली सी ची पट्टी दाखवा आणि तीन-चार मिश्रणांचे हातभर तुकडे त्याच फ्लेक्सवर छापून मागा. संध्याकाळी ट्यूब लावून आणि दुपारी उन्हात असे दोन्ही वेळा ते पाहा, आणि पसंत पडलेल्या तुकड्यावर मिश्रणाचे आकडे मार्करने लिहून घ्या. पुढच्या शाखेची पाटी करायला दिली, की तोच तुकडा त्याच्या हातात द्या.

अक्षरवेल
तसेच करते. कलर ब्रिजची चौकशी सोमवारी प्रेसमध्ये करते आणि मंजूर झालेले चार रंगांचे प्रमाण इथेच नोंदवते, म्हणजे ०२१ वापरणाऱ्या इतरांनाही ते ताडून पाहता येईल.